नोकरी सोडून महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक व्हावे का?

वाचकाचे पत्र: ‘मी २६ वर्षांचा असून नाशिकला सिडकोत राहतो. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यापासून सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला आहे. हातात ३४ हजार रुपये येतात. महाविद्यालयात असताना बास्केटबॉल खेळलो आणि एकदा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो. गेली दोन वर्षे शहरातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाला रोज सकाळी ६ ते ७.३० शिकवतो. यंदा संघ नाशिक विभागात पहिला आला. आता प्राचार्य म्हणतात, पूर्णवेळ या, वर्षातले १० महिने दरमहा १५ हजार मानधन देऊ. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रशिक्षकांचे व्हिडिओ मी रात्र-रात्र पाहतो आणि आयुष्यभर हेच करावे असे वाटते. वडील म्हणतात, “इंजिनिअर होऊन शेवटी पी.टी.चा मास्तर होणार का?” घरात लग्नाचीही बोलणी सुरू आहेत. मी राजीनामा द्यावा का? दुसरे असे की मी सरावात फार ओरडतो अशी मुलींची तक्रार आहे. आणि आमची सर्वांत चांगली खेळाडू दिंडोरी तालुक्यातून एस.टी.ने येते, पहाटे निघावे लागते म्हणून घरचे तिचा खेळ बंद करायच्या विचारात आहेत. मी काय करू?’

प्रिय वाचक,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो: या मानधनासाठी राजीनामा देऊ नका. राजीनामा द्यायचाच असेल तर तो पदवीसाठी द्या, आणि तोही आणखी एक हंगाम नोकरी सांभाळून संघ शिकवल्यावर द्या. प्राचार्यांचा प्रस्ताव आणि तुमची कारकीर्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सध्या तुमच्या मनात त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयात ‘बास्केटबॉल प्रशिक्षक’ नावाचे मंजूर पद नसते. असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे, आणि बहुतेक ठिकाणी एका महाविद्यालयात एकच. त्या एका माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंतचे सगळे संघ उभे करायचे, खेळाडूंचे पात्रता अर्ज भरायचे, चेंडू आणि जाळ्यांची दरपत्रके मागवायची, जिमखान्याचा हिशेब ठेवायचा, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की दहा वर्षांपूर्वीचे फोटो शोधून फायलीत लावायचे आणि स्नेहसंमेलनात, कुणाला दुसरे सुचत नाही म्हणून, मंडपाची व्यवस्थाही पाहायची. यातून वेळ काढून तो एखाद्या खेळाचा संघ मनापासून घडवतो. तुमच्यासारखे बाहेरून येणारे प्रशिक्षक त्याच्या मदतीला असतात, पण त्यांची नेमणूक हंगामी असते, सेवापुस्तक नसते, आणि प्राचार्य बदलले की पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येईलच याची खात्री नसते. तुम्हाला देऊ केलेले १५ हजार रुपये हे अशाच नेमणुकीचे आहेत. प्राचार्यांचा हेतू चांगला असेल, नव्हे असणारच; पण त्यांच्या हातात देण्यासारखे तेवढेच आहे.

आता त्या मंजूर पदाकडे जाण्याची वाट पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार या पदासाठी शारीरिक शिक्षण किंवा क्रीडा विज्ञानातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी लागते, सोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा अथवा नियमाप्रमाणे मिळवलेली पीएच.डी. लागते, आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ किंवा राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची नोंद लागते आणि शारीरिक क्षमता चाचणीही उत्तीर्ण व्हावी लागते. सुरुवातीचे मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकेच, म्हणजे ५७,७०० रुपये आणि त्यावर भत्ते. वडिलांना ‘पी.टी.चा मास्तर’ हे जे चित्र दिसते, ते बहुधा त्यांच्या शाळेतल्या शिट्टीवाल्या सरांचे असावे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हा नियम आणि हा आकडा त्यांच्यासमोर ठेवावा. मात्र त्यातली अडचणही त्याच बैठकीत सांगावी. अडचण अशी की ही पदे कमी निघतात. भरतीला शासनाची मान्यता, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम) आणि मुलाखती यांतून जावे लागते, आणि तोवर कित्येक पात्र उमेदवार तासिका तत्त्वावर वर्षे काढतात.

तुमच्या बाबतीत या वाटेची लांबी मोजू. अभियांत्रिकीची पदवी वाया जात नाही, कारण बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, कोणत्याही शाखेचा पदवीधर ५० टक्के गुण आणि स्पर्धेतील सहभागाच्या प्रमाणपत्रावर अर्ज करू शकतो. राज्याच्या सीईटी कक्षातर्फे प्रवेश परीक्षा होते. तिच्यात लेखी भागाबरोबर मैदानी चाचणीही असते आणि तिचे अर्ज साधारणतः वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतात. बी.पी.एड.ची २ वर्षे, त्यानंतर एम.पी.एड. या पदव्युत्तर पदवीची २ वर्षे, आणि सेटची तयारी त्यातच करावी लागेल. आपल्याकडे सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते आणि तिच्यात शारीरिक शिक्षण हा विषय आहे. म्हणजे आज सुरुवात केली तरी पात्र होईपर्यंत तुम्ही तिशी ओलांडलेली असेल. हे अभ्यासक्रम पूर्णवेळ असतात, मैदानावर हजेरी लागते, त्यामुळे ते कारखान्याच्या पाळ्या सांभाळून होण्यासारखे नाहीत. राजीनाम्याचा खरा प्रश्न या वळणावर येतो. पुण्याचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय किंवा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी एकदा स्वतः जाऊन या. तिथल्या विद्यार्थ्यांशी अर्धा दिवस बोललात तर माहितीपत्रकात नसलेले बरेच काही कळेल.

दुसरी वाट निव्वळ प्रशिक्षकाची आहे. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा क्रीडा प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम हा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षकपदांसाठी सर्वाधिक ग्राह्य धरला जातो. बोलीभाषेत त्यालाच ‘एन.आय.एस. करणे’ म्हणतात. त्या पदविकेला खेळातील कामगिरीची अट असते, तेव्हा तुमचे आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात सुरक्षित ठेवा. अनेक चांगले खेळाडू या एका कागदापायी अडकतात, कारण महाविद्यालय सोडताना तो घेतलेला नसतो आणि पुढे विद्यापीठाच्या क्रीडा विभागात दुय्यम प्रत काढण्यासाठी खेटे घालावे लागतात. याच संस्थेचे ६ आठवड्यांचे प्रमाणपत्र शिबिरही असते. पदविकेची सर त्याला नाही, परंतु नोकरीतून दीड महिन्याची रजा मिळवून ते करता येण्यासारखे आहे, आणि हे काम आपल्याला खरोखर मानवते की नाही हे त्यात बऱ्यापैकी उमगते. शिवाय जिल्हा आणि राज्य संघटनेमार्फत पंचांची परीक्षा द्या. पंच म्हणून शिट्टी हातात घेतली की नियमांकडे पाहण्याची प्रशिक्षकाची नजर बदलते, आणि सुट्टीच्या दिवसांत थोडे मानधनही मिळते.

अमेरिकेविषयी तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. तिथे महाविद्यालयीन बास्केटबॉल हा स्वतंत्र व्यवसाय आहे. मार्च महिन्यात होणारी ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोक पाहतात. २०१० साली तिच्या प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा करार १०.८ अब्ज डॉलरला झाला होता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा तिथल्या राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. या पैशामागे तिकिटे, प्रक्षेपण आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आहेत. त्यांतले काहीही आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवर नाही, म्हणून तो पगार मनातून काढून टाकलेला बरा. त्या पैशाबरोबर येणारी अस्थिरताही लक्षात घ्या: दोन-तीन हंगाम वाईट गेले की तिथला प्रशिक्षक घरी जातो.

तरीही त्या लोकांच्या आयुष्यातला एक भाग तुमच्या कामाचा आहे, आणि तो व्हिडिओंमध्ये सहसा दिसत नाही. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड येथे ज्यांनी हा खेळ शोधला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले, आणि त्या नामांकित संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले प्रशिक्षक तेवढे तेच. जॉन वुडन हे शाळेत इंग्रजी शिकवणारे शिक्षक. १९४८ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये आले. त्या वर्षापासूनच्या १२ हंगामांत १० विजेतेपदे झाली असली तरी आधीची दीड दशके त्यांनी विजेतेपदाशिवाय काढली होती. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४ मध्ये २२ व्या वर्षी मुलींचा संघ हाती घेतला, तेव्हा त्यांना महिना २५० डॉलर मिळत आणि खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत असत. पुढे त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे जमा झाली. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफस्की यांचे तिथले पहिले तीन हंगाम मिळून ३८ विजय आणि ४७ पराभव असे होते, आणि तरी विद्यापीठाने त्यांना ठेवले म्हणून पुढची चार दशके झाली. ही उदाहरणे तुम्हाला धीर देण्यासाठी मी काढलेली नाहीत, कारण ज्यांना तीन हंगामांनंतर काढून टाकले त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत. मुद्दा एवढाच की या सर्वांनी सुरुवातीची वर्षे खेळ शिकवण्याच्या कामात मुरवली, आणि ती वर्षे काढण्याची ज्याची तयारी नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

तुमच्याकडचे हे काम कसे असते, ते तुम्ही दोन वर्षे पाहिलेच आहे. नाशिकला महाविद्यालयांची बहुतेक बास्केटबॉल मैदाने उघडी, सिमेंटची. विभागीय स्पर्धा साधारण ऑगस्टपासून सुरू होतात, म्हणजे तयारीचा काळ नेमका जून-जुलैच्या पावसात सापडतो. पाऊस उघडला तरी कडेच्या भागात शेवाळ धरलेले असते; सकाळी सहाला पोहोचून आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचे, साचलेले पाणी ओढून काढायचे, आणि तोवर पावणेसात झालेले असतात. असे निम्मे दिवस हातचे जातात. पूर्णवेळ प्रशिक्षक झाल्याने पाऊस थांबणार नाही, मात्र त्या दिवसांचे काय करायचे याचा आराखडा तुमच्याकडे तयार हवा. महाविद्यालयाचा कॉरिडॉर किंवा सभागृह तासभर मिळाले तरी पिव्होट (एक पाय रोवून वळणे), थांबणे, भिंतीवर पास आणि उडी मारून उतरणे या चार गोष्टी तिथे होऊ शकतात.

त्यांतही उडीनंतर उतरण्याकडे तुम्ही मुद्दाम लक्ष द्यावे असे मी म्हणेन, कारण तुमचा संघ मुलींचा आहे. गुडघ्यातील पुढचा क्रूसिएट अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक असते, आणि ही दुखापत बहुतेक वेळा कुणाच्या धक्क्याने न होता उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघा आत वळल्याने होते. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, घेऊन दोन्ही पायांवर, गुडघे पुढे पण आत न झुकवता, आवाज न करता उतरण्याचा सराव रोज दहा मिनिटे दिला तर हा धोका कमी करता येतो. सिमेंटच्या मैदानावर हे अधिकच गरजेचे आहे. विभागातले विजेतेपद लोक वर्षभरात विसरतील. विसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेला गुडघा ती मुलगी विसरणार नाही.

अमेरिकी व्हिडिओंबाबत एक सूचना. तिथला महाविद्यालयीन पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन भागांचा आणि शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हाती आल्यावर तो बास्केटवर टाकण्याची मुदत, ३० सेकंदांचा असतो. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी, १० मिनिटांच्या चार भागांत आणि २४ सेकंदांत खेळतो. त्यामुळे त्यांचे लांबलचक आखलेले डाव जसेच्या तसे आणू नयेत. आणखी एक घोळ घरचाच आहे. स्थानिक स्पर्धांत कित्येकदा शॉट क्लॉकच लावलेला नसतो, आणि विभाग जिंकून वर गेलेला संघ तो पहिल्यांदा पाहतो तेव्हा १० सेकंद उरले असतानाही घाईने चेंडू फेकून देतो. सरावात एका राखीव खेळाडूला मोठ्याने सेकंद मोजायला बसवा. त्याला खर्च काही नाही, आणि दोन आठवड्यांत मुलींच्या अंगी २४ सेकंदांचा अंदाज बसतो.

आता ओरडण्याविषयी. तक्रार तुमच्यापर्यंत आली हीच जमेची बाजू समजा. ज्या प्रशिक्षकाची भीती वाटते त्याला मुली हे सांगत नाहीत, त्या सरावाला येणे बंद करतात. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी जॉन वुडन यांच्या सरावांना बसून त्यांच्या प्रत्येक सूचनेची नोंद केली होती. एकूण २,३२६ नोंदींपैकी स्तुती ६.९ टक्के आणि नाराजी ६.६ टक्के निघाली. सुमारे तीन चतुर्थांश बोलणे केवळ माहितीचे होते, म्हणजे काय करायचे, कसे करायचे, कधी करायचे. हा आरसा तुम्ही स्वतःसमोर धरू शकता. संघातल्या दुखापतग्रस्त मुलीला एका सरावापुरती वही देऊन तुमच्या बोलण्याच्या खुणा करायला सांगा: सूचना, शाबासकी, राग. एखादी मुलगी डाव्या बाजूने जाऊनही उजव्याच हाताने ले-अप (धावत जाऊन उडीतून बास्केटजवळून टाकलेला चेंडू) टाकते आणि तुम्ही ‘किती वेळा सांगायचं!’ असे ओरडता, तेव्हा तिला काहीच कळलेले नसते. ‘आधी डावे पाऊल, मग उजवे, उडी उजव्या पायावरून, चेंडू डाव्या हातात’ हे तितक्याच मोठ्या आवाजात सांगितले तरी ती ते वाईट वाटून घेणार नाही. तुमचा आवाज मोठा आहे ही अडचण नसावी. त्या आवाजात शिकण्यासारखे काही आहे का, एवढेच तपासावे.

दिंडोरीच्या खेळाडूची बाब मात्र तुम्ही या सगळ्याच्या आधी हाती घ्या, कारण तुमच्या राजीनाम्याला एक वर्ष थांबता येते, तिला नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत वयाची २५ वर्षांची मर्यादा असली तरी मुलींचा खेळ त्याच्या कितीतरी आधी घरातून थांबतो. सहाच्या सरावासाठी ती किती वाजता घर सोडते, अंधारात फाट्यापर्यंत कोण सोडायला येते, पहिली एस.टी. चुकली तर ती काय करते, हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का? तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही. सरावाची वेळ सहाची ठेवली आहे ती तुमच्या पाळीमुळे. तिच्यासाठी आठवड्यातले तीन दिवस तास संपल्यावर, दुपारी चारनंतर, सराव ठेवता येईल का ते आधी पाहा. पाळी बदलून घेणे हा तुमच्याकडून होणारा खर्च आहे आणि तो तुम्ही करावा. वसतिगृहात जागा मिळण्यासारखी असेल तर प्राचार्यांकडे तो अर्ज तुम्हीच घेऊन जा. त्यानंतर तिच्या घरी जा, मात्र एकटे जाऊ नका. महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापक बाईंना सोबत घ्या, आधी फोन करून वेळ ठरवा, आणि द्राक्षाच्या हंगामात छाटणीचे किंवा खुड्याचे दिवस टाळा. त्या काळात घरातल्या कुणालाच बसून ऐकायला फुरसत नसते. तिच्या वडिलांना पदकांविषयी सांगण्यापेक्षा तीन गोष्टी स्पष्ट सांगा: स्पर्धेच्या दिवसांची हजेरी प्राचार्यांच्या पत्राने भरून मिळते, बाहेरगावी संघासोबत महिला प्राध्यापक असतातच, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असले तरी त्याला ठरावीक दर्जाची कामगिरी लागते, म्हणून खेळण्याने नोकरी नक्की मिळेल असे वचन तुम्ही देत नाही. हे शेवटचे वाक्य गाळू नका. खोट्या आशेवर मिळालेला होकार पहिल्या नापास विषयाबरोबर मागे घेतला जातो.

मुलींच्या संघाचा पुरुष प्रशिक्षक म्हणून काही शिस्त तुम्ही आजच लावून घ्या. संघाच्या व्हॉट्सॲप गटात एक महिला प्राध्यापक असाव्यात, सूचना गटावरच जाव्यात, खेळाडूला वैयक्तिक निरोप पाठवणे टाळावे, बंद खोलीत एकट्या खेळाडूशी बोलू नये, आणि चेंडू धरण्याची किंवा उभे राहण्याची पद्धत हात न लावता दाखवता येत नसेल तर दुसऱ्या खेळाडूकडून दाखवावी. यात तुमच्यावर अविश्वास नाही. मुली सुरक्षित राहाव्यात आणि पालकांना त्यांना निर्धास्तपणे पाठवता यावे, यासाठी हे आहे.

लग्नाच्या बोलण्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो. मुलीला आणि तिच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगा की पुढच्या वर्षी कदाचित मी नोकरी सोडून चार वर्षे शिकणार आहे. नकार आला तर तो आत्ता आलेला बरा.

नोकरी न सोडता या क्षेत्रात कायमचे राहण्याचीही एक सोय आहे, आणि तिला दुय्यम समजू नये. महाविद्यालयात येणारा खेळाडू १८ वर्षांचा असतो, त्याच्या सवयी बसलेल्या असतात, आणि तीन वर्षांत तो निघून जातो. चांगला संघ जमेपर्यंत कप्तानाचे शेवटचे वर्ष उजाडलेले असते. नाशिकने धावण्याच्या खेळात जे नाव कमावले, कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, त्याची सुरुवात लहान वयात झाली होती. बास्केटबॉलमध्ये तो पाया आपल्याकडे मोजक्याच शाळांत आहे. शनिवार-रविवारी १० ते १४ वयाच्या मुलामुलींची एक तुकडी सुरू केलीत तर चार-पाच वर्षांनी तुमच्याच हातचे खेळाडू महाविद्यालयात येतील, तुम्हाला उत्पन्नाचा आधार होईल, आणि पुढे बी.पी.एड.ला गेलात तरी ती तुकडी तुमची राहील. मंजूर पद पाच वर्षांत मिळाले नाही तर काय, या वडिलांच्या प्रश्नाला हे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

राहिला प्राचार्यांचा प्रस्ताव. त्याला सरळ नकार देऊ नका. तुम्ही पूर्णवेळ येऊ शकत नाही, पण एक हंगाम ठरलेल्या वेळात अंशकालीन प्रशिक्षक म्हणून काम करायला तयार आहात, असे लेखी कळवा. नेमणुकीचे पत्र महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर, जावक क्रमांकासह मागा, कारण पुढे अनुभवाचा दाखला म्हणून तेच कामाला येईल. तोंडी केलेली दोन वर्षे कोणत्याही मुलाखतीत मोजली जात नाहीत. आधीच्या दोन वर्षांचेही प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्या. पत्रात मानधन किती आणि कोणत्या तारखेला, सरावाच्या वेळा, बाहेरगावच्या स्पर्धेत संघासोबत कोण जाणार, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कुणाकडे, आणि पावसाळ्यात सभागृह कोणत्या दिवशी मिळणार, एवढ्या गोष्टी याव्यात. क्रीडा संचालकांना हे सारे प्राचार्यांच्या आधी दाखवा. ते नाराज झाले तर सभागृहाची किल्ली तुम्हाला कधीच वेळेवर मिळणार नाही. आणि हा कागद मेअखेरीस द्या. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की प्राचार्यांच्या दालनाबाहेर पालकांची रांग लागते, आणि मग त्यावर सही होईपर्यंत विभागीय स्पर्धा आटोपलेली असते.